वातीचा स्टोव्ह पिवळा जळतो, तडतडतो, भांडी काळी होतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की स्टोव्ह पावसाळाभर माळ्यावर होता आणि टाकीत जुनं रॉकेल तसंच होतं. मग आधी पाण्याचा संशय घ्या. ठाण्याच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत आतून घाम धरतो. रॉकेल काचेच्या बाटलीत ओतून तासभर ठेवा. पाणी जड, ते तळाशी बसतं. मध्ये सरळ रेघ दिसते. आमच्या कळव्याच्या घरी चांगलं बोटभर निघालं होतं, वर गंजाचा चुरा वेगळाच! पाणी प्यायलेली वात रॉकेल वर ओढत नाही, म्हणून तडतड. टाकी रिकामी करून पुसा, वाती उन्हात खडखडीत वाळवा, नाहीतर सरळ बदला. फार महाग नसतात.

वातींची जळकी टोकं कात्रीने कापून सगळ्या एका उंचीच्या करा. एक जरी वर राहिली तरी ती एकटी काजळी ओकते. नव्या वाती रॉकेलमध्ये अर्धा तास भिजू द्या, मगच काडी लावा.

तरीही ज्योत पिवळीच? बर्नरच्या भोकांच्या नळ्या काढून ब्रशने घासा आणि परत नीट, सरळ बसवा. तिरकी बसली की हवा कमी पडते. आमचा घोळ शेवटी तिथेच निघाला.

पेट्रोल मिसळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भडका उडेल. पेटता असताना रॉकेल भरू नका, आणि खिडकी उघडी ठेवा.