कटक मंडळातील ‘कटक’ कोणते?

प्रश्न असा आहे : शासकीय परिपत्रकांत ‘महानगरपालिका, नगरपरिषदा व कटक मंडळे’ अशी शब्दरचना आढळते. कटक तर ओडिशातील शहर. मग ते पुण्या-नाशकाच्या पालिकांशेजारी कसे आले, आणि ‘छावणी’ हा सर्वांना कळणारा शब्द असताना तो का घेतला नाही?

कटक मंडळ म्हणजे ‘कॅन्टोन्मेंट बोर्ड’, लष्करी वसाहतीचा स्थानिक कारभार पाहणारी संस्था. येथील ‘कटक’ हे गावाचे नाव नसून सामान्यनाम आहे. संस्कृतात त्याचे कडे किंवा वलय, सैन्य, सैन्याचा तळ आणि राजधानी असे अर्थ आहेत. हातात घालतो ते ‘कडे’ हे याच शब्दाचे मराठी रूप. ओडिशातील शहराचे नावही राजाच्या तळावरून, राजधानीवरून पडले, म्हणजे दोहोंच्या मुळाशी शब्द एकच. जुन्या मराठीत ‘कटक’ म्हणजे मुख्यतः चालते सैन्य. स्थिर लष्करी वसाहतीसाठी तो राबवला तो अलीकडच्या राज्यव्यवहाराने.

‘छावणी’चा इतिहास निराळा आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली मराठी फौज पावसाळा तोंडावर आला की एखाद्या ठिकाणी झोपड्या शाकारून राहत असे, आणि त्या मुक्कामाला ‘छावणी करणे’ म्हणत. ‘छावणे’ म्हणजे शाकारणे, आच्छादणे. तेव्हा पाऊस सरला की उठायचे हे त्या शब्दातच आहे. आजही दुष्काळात जनावरांसाठी ‘चारा छावणी’ उघडते आणि पाऊस पडला की बंद होते. शहराचे लष्कराशी असलेले नाते कायद्याने मान्य करून त्याला स्वतंत्र कारभार द्यायचा, तर असा तात्पुरतेपणा असलेला शब्द मला अपुरा वाटतो. ‘छावणी परिषद’ हे नावही रूढ आहे आणि ते चुकीचे नाही. पण निवड करायची झाल्यास मी ‘कटक मंडळ’च लिहीन.

ही मान्यता नेमकी कशी मिळते, हे पाहिले की ‘वलय’ हा अर्थ किती चपखल आहे ते कळते. कॅन्टोन्मेंट अधिनियम, २००६ नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखादे ठिकाण कटक म्हणून घोषित करते आणि त्याची हद्द ठरवते. त्या हद्दीचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर लोकांनी निवडलेल्या सदस्यांची तरतूद कायद्यात आहे, पण मंडळाचे अध्यक्षपद तेथील लष्करी ठाण्याच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे असते. आणि आतल्या जमिनीची नोंद शोधायची तर सातबाऱ्याऐवजी ‘जनरल लँड रजिस्टर’ पाहावे लागते. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद आणि कामठी अशा सात ठिकाणी हे वलय आखले गेले. (यांतील दोन शहरांची नावे आता बदलली आहेत, येथे मंडळांची रूढ नावे दिली आहेत.)

बोलण्यात मात्र ‘कटक’ कधीच रुजले नाही. पुणेकर ‘लष्कर’ किंवा ‘कॅम्प’ म्हणतो, नाशिककडचा माणूस ‘देवळाली कॅम्प’ म्हणतो. उल्हासनगरात तर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळाच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, १९४९ मध्ये शहराला नवे नाव मिळाले, तरी पत्ता आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगितला जातो. तेथे कटक मंडळ नाही. लष्कराचा संबंध केवळ लोकांच्या तोंडी टिकला आहे.

अधिसूचनेने दिलेला दर्जा अधिसूचनेने काढताही येतो. हिमाचलमधील ‘खास योल’ या गावी २०२३ मध्ये तसे झाले. अशा वेळी नागरी वस्ती स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जाते आणि लष्कराच्या ताब्यातील भागाला ‘मिलिटरी स्टेशन’ म्हणतात. त्यासाठी मराठीत ‘लष्करी ठाणे’ लिहावे, ‘कटक’ नव्हे.

लेखनाबद्दल एवढेच : हा शब्द नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘कटकाची हद्द’, ‘कटकातील रस्ते’ अशी रूपे करावीत. ‘कटक मंडळ’ व ‘कटकमंडळ’ ही दोन्ही रूपे आढळतात. एका मजकुरात मात्र एकच ठेवावे.