'अपेंडिक्स झालं' आणि शोथातलं शून्य

प्रश्न आहे: "'त्याला अपेंडिक्स झालं' हे बरोबर आहे का? आणि मराठीत आंत्रपुच्छदाह म्हणावं की आंत्रपुच्छशोथ?"

पहिलं चूकच. 'त्याला यकृत झालं', 'तिला फुप्फुस झालं' असं कुणी म्हणत नाही. मग हेच का रोज ऐकावं लागतं? अपेंडिक्स जन्मापासून पोटात असतं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अंधनालाला लोंबणारी, साधारण ८-९ सेंटीमीटरची ती शेपटी. होतो तो अपेंडिसायटिस, म्हणजे या आंत्रपुच्छाला येणारी सूज. हे नाव रेजिनाल्ड फिट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी १८८६ साली दिलं.

आता दुसरं. शोथच! 'दाह' लिहिणाऱ्या कोशकारांचं मला अजिबात पटत नाही. दाह म्हटलं की पित्ताची जळजळ आठवते. आणि आत घडतं काय? पुष्कळदा मळाचा खडा अडकतो किंवा भिंतीतल्या ग्रंथी फुगतात, आणि नळीचं तोंड बुजतं. आतला चिकट स्राव पाझरतच राहतो, त्याला वाट मिळत नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा आवळला जातो. एरवी तिथे सुखाने नांदणारे ई. कोलाय, बॅक्टेरॉइड्स यांसारखे जिवाणू त्या कोंडलेल्या पोकळीत बेसुमार वाढतात आणि दुबळ्या झालेल्या भिंतीत घुसतात. आधी बेंबीभोवती दुखतं, मग कळ उजवीकडे खाली सरकते. नळी टम्म फुगते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर फुटते. यातलं मुख्य काम फुगण्याचं आहे!

आणि 'शोथ' नेमकं तेच सांगतो. धातू 'श्वि', म्हणजे फुगणे. चरकसंहितेतला 'श्वयथु', म्हणजे सूज, याच धातूचा. याचंच 'शून' म्हणजे फुगलेलं. पण ऋग्वेदात 'शून' रितेपणासाठीही येतो, कारण फुगलेल्या वस्तूच्या पोटात पोकळी असते. त्या 'शून'वरून आलं 'शून्य'! गणितातलं शून्य आणि पोटातली सूज सख्खी भावंडं निघावीत, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. जुने वैयाकरण मात्र शून्याची फोड 'शुने हितम्', म्हणजे कुत्र्याला योग्य, अशी करतात. ओसाड जागी कुत्रं फिरतं म्हणून? ही ओढाताण आहे. व्याकरणाच्या सूत्रात बसवण्यासाठी अर्थाचा बळी दिलाय.

अपेंडिक्सची पोकळीही रिकामी नसते. २००७ साली ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलं की ती उपयोगी जिवाणूंची सुरक्षित जागा असावी. जुलाबांनी आतडं धुऊन निघालं की तिथूनच नवी वस्ती उभी राहत असावी. 'शून'मधलं भरलेपण आणि रितेपण असं एकाच नळीत दिसतं.

तर लिहिताना आंत्रपुच्छशोथ, बोलताना सरळ 'अपेंडिक्सला सूज आली'. 'सूज'ही मला 'श्वि'च्याच घराण्यातली वाटते.