उभ्या कारचं दार आणि सायकलवरचे वडील

प्रश्न : माझे वडील (वय ६४) रोज सकाळी सायकलने फिरायला जातात. गेल्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडवर कडेला उभ्या असलेल्या कारचं उजवीकडचं मागचं दार एकदम उघडलं आणि ते त्यावर आदळले. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. कारमालक म्हणतो, "गाडी तर उभी होती, दार माझ्या दहा वर्षांच्या मुलाने उघडलं. आणि काकांनी हेल्मेट कुठे घातलं होतं?" दवाखान्यात त्याने पाच हजार रुपये देऊन 'तक्रार नाही' असं वडिलांकडून लिहून घेतलं. पोलीस ठाण्यात 'आपसात मिटवा' असं सांगून परत पाठवलं. आता काही होऊ शकतं का?

उत्तर : होऊ शकतं, पण हातावर हात ठेवून बसू नका.

'गाडी उभी होती' हा बचाव फारसा टिकत नाही. मोटार वाहन कायद्यात भरपाईचा हक्क वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघाताला आहे, आणि उभं वाहनही वापरात असू शकतं. आपल्याच राज्यात पेट्रोलचा टँकर उलटून रस्त्याकडेला पडला होता, काही तासांनी त्याचा स्फोट झाला. त्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केलं. तुमच्या बाबतीत तर गाडीतून माणसं उतरत होती.

मुलाचं नाव पुढे केलं म्हणून बापाची सुटका होत नाही. गाडी रहदारीला लागून कुणी थांबवली? मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकची बारीक खटकी असते, ती का लावली नाही? मुलाला उतरू देण्याआधी आरशात कुणी पाहिलं? (उजवीकडे बसलेल्याने डाव्या हाताने दार उघडावं. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे का शिकवत नाहीत, देव जाणे.)

हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्यांना आहे, सायकलला नाही. शिवाय मोडलं ते मनगट. तरीही विमा कंपनी 'सायकलवाल्याचीही चूक' म्हणून भरपाईत टक्केवारी कापायला बघेल. म्हणून पुरावा आजच गोळा करा. समोरच्या दुकानांतल्या सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं. दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, ते कुठल्या यंत्रातून कसं घेतलं हे सांगणारं प्रमाणपत्र घ्या. सायकल दुरुस्तीला टाकायची घाई करू नका. वाकलेल्या हँडलचे फोटो तरी काढून ठेवा.

पोलिसांचं 'मिटवा' चुकीचं आहे. हाड मोडणं ही भारतीय न्याय संहितेत गंभीर दुखापत आहे. निष्काळजी कृत्याने ती झाली तर कलम १२५(ब) लागतं, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे. कलम २८१ वाहन चालवण्याबद्दल आहे, ते इथे ओढूनताणून बसवावं लागेल, तेव्हा तक्रारीत १२५ चाच आग्रह धरा. ठाण्यात नोंद घेत नसतील तर पोलीस उपायुक्तांना टपालाने तक्रार पाठवा, पोचपावती जपा. तरीही हलले नाहीत तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. केवळ एफआयआर उशिरा झाली म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही.

आता तो कागद. वेदनेत, दवाखान्याच्या बाकावर घेतलेल्या अशा सहीने दाव्याचा हक्क आपोआप संपत नाही. पाच हजार मिळाल्याचं दाव्यात स्वतःहून सांगा, फार तर तेवढी रक्कम वजा होईल. खरी जपायची गोष्ट वेगळी आहे. चूक सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळण्याची मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ची सोय आहे. विमा कंपनी ती देऊ करेल, पण तडजोडीने ती रक्कम घेतली की त्याच कायद्याच्या कलम १६६ चा मोठा दावा संपतो. मनगट पूर्वीसारखं वळत नसेल, प्लेट काढायला पुन्हा ऑपरेशन लागणार असेल, तर आधी हिशोब करा, मग सही.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा. तुम्ही नाशिकचेच, म्हणून सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो चालेल. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, घरी मदतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च, हे सगळं एका फाइलीत लावा. कारचा नंबर आणि विमा पॉलिसीचा तपशील पोलिसांकडून मागून घ्या. अपंगत्वाचा दाखला मात्र हाड जुळून हालचाल कितपत आली ते कळल्यावरच काढा, घाईने काढलात तर टक्केवारीवरून उलटतपासणीत अडचण होते.