पणजोबा नेमके कधी वारले?

प्रश्न : आमचे पणजोबा एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि 1918 च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत ते वारले, असे घरात सांगितले जाते. आजोबा तेव्हा अगदी लहान होते. अलीकडे जुन्या पेटीत मोडी लिपीतील एक खरेदीखत सापडले. ते जाणकाराकडून वाचून घेतले असता त्यावर माघ शके 1842 अशी मिती असून जमीन लिहून देणार म्हणून पणजोबांचेच नाव आहे. खरे काय ते कसे ठरवावे? पणजीचे नावही कोणाला ठाऊक नाही; ते कोठे मिळेल?
— एक वाचक

उत्तर : घरातील आठवण आणि खत यांपैकी एकाला खोटे ठरवण्याची घाई करू नये. आधी मितीचा हिशेब नीट करावा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो हा ढोबळ नियम आहे. शकाचे वर्ष चैत्रात बदलते, त्यामुळे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या मित्यांना 79 मिळवावे लागतात. म्हणजे माघ शके 1842 हा 1920 नव्हे, तर 1921 च्या फेब्रुवारीच्या सुमाराचा काळ आहे. खतात तिथीबरोबर वारही लिहिलेला असेल, तर तो त्या वर्षीच्या पंचांगाशी ताडून पाहावा. वार जुळला, तर शकाचा आकडा बरोबर वाचला गेला आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.

त्यानंतर खताची पाठ पाहावी. दस्त नोंदणीकृत असेल, तर तेथे दुय्यम निबंधकाचा शेरा असतो : दस्त कोणी व कोणत्या इंग्रजी तारखेस हजर केला, लिहून देणाराने तो कबूल केला का, त्याची ओळख कोणी पटवली, आणि खाली लिहून देणाराची सही किंवा अंगठा. वाचक सहसा खताचा मजकूर वाचून थांबतात आणि हा शेरा राहून जातो, याचे मला नेहमी वाईट वाटते, कारण ठरावीक साच्यातल्या मजकुरापेक्षा या चार ओळींतच तो माणूस त्या दिवशी त्या कचेरीत उभा होता याची साक्ष असते. पेटीतील प्रत नुसती नक्कल असेल आणि पाठ कोरी असेल, तर निबंधक कार्यालयातील सूचीत लिहून देणाराच्या नावावरून मूळ नोंद शोधता येते.

मात्र सर्वांत आधी ज्या शक्यतेची शहानिशा करावी, ती वेगळीच आहे. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने दोन चुलतभावांचे नाव आणि आडनाव एकच असणे अगदी साधे होते. फरक राहतो तो फक्त वडिलांच्या नावाचा. खताच्या सुरुवातीला लिहून देणाराच्या वडिलांचे नाव, अजमासे वय, धंदा आणि राहण्याचे गाव दिलेले असते. तेथे वय 22 आणि धंदा शेती असे निघाले, तर तो गृहस्थ तुमच्या शिक्षक पणजोबांचा चुलतभाऊ असण्याचा संभव मोठा आहे. वंशावळी बहुधा येथेच चुकतात.

मृत्यूची मूळ नोंद त्या काळच्या गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत मिळू शकते. जुन्या वह्या बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. गावाला तेव्हा नगरपालिका असेल, तर तिच्या दप्तरात पाहावे. 1918 च्या सप्टेंबर ते डिसेंबरची पाने आधी मागावीत. मृत्यूच्या कारणापुढे मानमोडी किंवा इन्फ्लुएंझा न लिहिता नुसते ‘ताप’ लिहिलेले असले, तरी ती नोंद बाजूला टाकू नये. त्या काळी असंख्य मृत्यू याच एका सदराखाली जात. नोंद मुळीच न सापडणे हा मात्र ते जिवंत असल्याचा पुरावा नव्हे, कारण साथीच्या धामधुमीत अनेक नोंदी राहून गेल्या.

पणजीच्या नावासाठी जमिनीचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, पाहाव्यात. पणजोबांच्या नावावर थोडीशी जरी जमीन असेल, तरी त्यांच्या पश्चात वारसाचा फेरफार झाला असणार, आणि त्यात मयत झाल्याची तारीख व वारसांची नावे येतात. मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असल्याने त्याच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ (अज्ञान पालनकर्ता) अशी अक्षरे लिहून पालनकर्ती आई म्हणून पणजीचे नाव येण्याचा मोठा संभव आहे. नवऱ्याच्या हयातीत जिचे नाव कोणत्याही सरकारी कागदावर चढले नाही, अशा स्त्रीचे नाव पुष्कळदा याच एका ओळीत उरलेले असते, म्हणून ही नक्कल मिळवण्यात कसूर करू नये. शिवाय याच ओळीने तुमच्या पहिल्या प्रश्नाचाही निकाल लागू शकतो.

आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, तीही पाहावी. पालक म्हणून वडिलांऐवजी काका किंवा मामा लिहिलेला असेल, तर वडील तेव्हा हयात नव्हते असा अंदाज बांधता येतो. त्यातील जन्मतारखेवर फार विसंबू नये, विशेषतः ती 1 जून असेल तर. मुलाला शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेल्या तारखांमध्ये ही तारीख फार वेळा येते. पणजोबा ज्या शाळेत शिकवत, तेथील शेरेबुक शिल्लक असेल, तर तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने त्यांच्या वर्गाविषयी काय लिहिले तेही वाचायला मिळेल. शिक्षक म्हणून ते कसे होते, याचे उत्तर दुसऱ्या कोणत्याच कागदात नाही.

जमीन नसल्यास त्र्यंबकेश्वर किंवा नाशिक येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांकडे वळावे. आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यास घराण्यातील कोण, कोणाबरोबर, केव्हा आले होते याची नोंद मिळू शकते. जाताना घराण्याचे मूळ गाव कोणते याची वडीलधाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. नोकरीचे गाव सांगितल्यास योग्य वही निघणार नाही.