वाचकांचे प्रश्न : ओल आलेली भिंत दिवाळीसाठी रंगवावी का?

प्रश्न : आमचे घर नाशिकच्या सिडकोत पहिल्या मजल्यावर आहे. बेडरूम १० बाय १२ फुटांची असून भिंतींवर बऱ्याच वर्षांपूर्वीचे डिस्टेंपर आहे. पश्चिमेच्या भिंतीला यंदा पावसाळ्यात ओल आली आणि खिडकीखाली पोपडे सुटले. रंगाऱ्याची मजुरी परवडत नसल्याने मी आणि माझा मुलगा दिवाळीपूर्वी ही खोली स्वतःच रंगवणार आहोत. आतून वॉटरप्रूफ प्रायमर मारून वर प्लास्टिक पेंटचे दोन हात दिले तर चालेल का? रंग किती लागेल?
– एक वाचक, सिडको

उत्तर : खोली आपण दोघे मिळून उत्तम रंगवू शकाल, मात्र चारही भिंती दिवाळीपूर्वी पूर्ण करण्याचा आग्रह सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीन कोरड्या भिंती आता रंगवाव्यात आणि पश्चिमेची भिंत खरवडून, स्वच्छ करून उघडी ठेवावी. सणाच्या दिवशी एक भिंत बिनरंगाची दिसेल हे खरे, पण ओलीवर मारलेला रंग पुढच्या पावसाळ्याचीही वाट न पाहता सुटू लागतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून होतो. बाहेरच्या गिलाव्यातील केसाएवढ्या भेगांतून ते पाणी विटांमध्ये मुरते. पाऊस थांबल्यावर भिंत हाताला लवकर कोरडी लागते, परंतु आत मुरलेले पाणी पुढे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर येत असते आणि येताना विटा व सिमेंटमधील क्षार सोबत आणते. पाणी उडून जाते, क्षार मात्र पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने उरतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. आतल्या बाजूने वॉटरप्रूफ थर दिल्यास पाणी यायचे थांबत नाही, ते थरामागे कोंडते आणि रंगाला फुगे येतात. उपाय बाहेरूनच करायला हवा. भेगा भरून बाहेरच्या भिंतीला पाणी अडवणारा रंग देण्याचे काम येत्या कोरड्या महिन्यांत मिस्त्रीकडून करून घ्यावे. पहिल्या मजल्याच्या उंचीवर, शिडीवर चढून ते काम आपण स्वतः करू नये.

भिंत खरोखर वाळली की नाही, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. दोन फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवून पूर्ण एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले किंवा त्याखालची भिंत आजूबाजूपेक्षा गडद दिसली, तर अजून थांबावे. नाशिकच्या थंडीतील कोरडी हवा या कामी मोठी मदत करते. दिवसा खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आता तीन भिंतींविषयी. जुन्या डिस्टेंपरवरून तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली, तर त्यावर प्रायमर किंवा पुट्टी (भिंत सपाट करण्यासाठी लावायचा लेप) मुळीच लावू नये, कारण नवा थर भिंतीला न चिकटता त्या पुडीला चिकटतो आणि पुढे सालीसारखा निघून येतो. भिंत ओल्या स्पंजने भिजवून, लोखंडी पट्टीने खरवडून आणि पुन्हा पुसून घ्यावी. स्विचबोर्डजवळ पाणी नेण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. त्यानंतर बोटाच्या पेराने जागोजागी ठोकून पाहावे. जिथे बद्द आवाज येतो, तिथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो; तो भाग काढून नव्याने भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुट्टीचा सोस करू नये. भिंत मुळात सपाट असेल, तर खड्डे आणि भेगा भरल्या तरी पुरते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी एका किलोला साधारण ३५० ते ४०० मिलिलिटर पाणी घालून, दोन तासांत संपेल एवढीच कालवावी. एका जागी सर्व थर मिळून जाडी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. खोल खड्डा आधी सिमेंट-वाळूने भरावा. वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, नाकातोंडाला मास्क बांधून, घासून घ्यावे. रात्री दिवे मालवून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा पाडल्यास, दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावलीसकट दिसतो. ही तपासणी प्रायमरपूर्वीच करावी.

प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन हात द्यावेत. रंगाच्या दोन हातांमध्ये निदान चार तासांचे अंतर हवे. कोपरे आणि कडा आधी ब्रशने काढून, त्या ओल्या असतानाच रोलर फिरवावा. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा लावण्याचा मोह होतो, पण रोलरचा एक पट्टा दुसरा येईपर्यंत वाळला, तर सांधा कायमचा दिसत राहतो. म्हणून हात देताना पंखा बंदच असावा आणि भिंत मध्येच सोडून उठू नये.

चार भिंतींचे क्षेत्रफळ, उंची १० फूट धरल्यास, ४४० चौरस फूट होते. दार-खिडकी वजा करून ४०० उरतात. दोन हातांसाठी एका लिटरला सुमारे ६० चौरस फूट धरले, तर जवळपास सात लिटर रंग लागेल. राहिलेल्या भिंतीसाठी लागणारा रंग आताच, त्याच बॅचचा घ्यावा आणि त्यात पाणी न घालता डबा घट्ट बंद करून ठेवावा. जोड कोपऱ्यातच येणार असल्याने छटेत किंचित फरक पडला, तरी तो डोळ्यांत भरणार नाही.

प्रश्न : पंचवटीतील आमच्या जुन्या घरात झोपण्याच्या खोलीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत ऑइल पेंट आहे. घरात दीड वर्षाचे मूल आहे. तो घासून त्यावर नवा रंग द्यावा का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : कोरडा घासू नये, हे आधी सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम २०१६ चा असून उत्पादनावरील बंदी नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आपला रंग त्याच्या आधीचा असणार. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते आणि रांगणारे मूल जमिनीवरचे हात थेट तोंडात घालते. रंग घट्ट असेल, तर पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरने, भिंत सतत ओली ठेवून, फक्त चकाकी जाईल इतकेच घासावे आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बसणारा प्रायमर लावून वर इमल्शन, म्हणजेच प्लास्टिक पेंट, द्यावे. रंगाचे पोपडे सुटत असतील, तर हे काम घरी करू नये. जाणकाराकडून करवून घ्यावे आणि तोवर मुलाचा पाळणा त्या खोलीतून हलवावा. घासताना निघालेला चिखल जुन्या कापडाने टिपून, पिशवीत बांधून टाकावा; तो मोरीत धुऊ नये आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानेच पुसावी.