कुस्तीच्या जोडीला बॉक्सिंग, मुए थाई की कराटे?

प्रश्नकर्त्याने लिहिले आहे की वय २२ आहे, गावच्या आखाड्यात सहा वर्षे कुस्ती झाली आहे, गेल्या वर्षापासून शहरात जाऊन जुजुत्सूही (जमिनीवरच्या पकडीची कला) चालू आहे आणि आता ठोसे-लाथांची एखादी कला जोडीला घ्यायची आहे. तर बॉक्सिंग, मुए थाई (थायलंडची ठोसे, लाथा आणि गुडघ्यांची कला) आणि कराटे यांपैकी काय निवडावे आणि आठवड्यातून किती दिवस द्यावेत. माझे उत्तर बॉक्सिंग असे आहे. किमान एक वर्ष फक्त बॉक्सिंग करावे आणि लाथांचा विचार त्यानंतर करावा. याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर निवडल्यामुळे माझी दोन वर्षे वाया गेली आणि घरात एक वाद उभा राहिला, जो आजही मिटलेला नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

मी अचलपूर तालुक्यातल्या एका गावचा आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला तालीम म्हणतात त्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात, आणि आमच्या आखाड्याचा मातीचा हौद माझ्या आजोबांनी खणलेला आहे. माझे वडील वावर पाहत. वस्ताद होते ते मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांचे मत सगळ्या गावाला पाठ होते. मूठ वळणारा हात पकड विसरतो, ठोशांच्या सरावाने खांदे आवळतात, आणि ठोसे मारणारा माणूस ताठ उभा राहतो, त्यामुळे त्याचा पट कोणीही काढावा, म्हणजे पाय धरून त्याला खाली पाडावे, असे ते म्हणत. मी नऊ वर्षे त्यांच्या हाताखाली मेहनत केली आणि जिल्ह्यातल्या आमदंगलींमध्ये इनामी कुस्त्या केल्या. एकेरी पट काढणे आणि दस्ती ओढून, म्हणजे समोरच्याचा हात धरून ओढून, पाठीमागे जाणे हे माझे हुकमी डाव होते.

२००६ साली मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकड सगळे चालणाऱ्या, मिश्र लढती मी पहिल्यांदा संगणकावर पाहिल्या आणि आपल्यालाही ठोसे-लाथा यायला हव्यात असे मनाने घेतले. तालुक्याच्या गावी रविवारी एक कराटेचा वर्ग भरत असे. दुसरे काही जवळ नव्हते, म्हणून मी तिथे नाव घातले. मोठ्या बाबांना सांगितले नाही. तिथल्या सरांनी मनापासून शिकवले, माझी कंबर सैल झाली, लाथ खांद्यापर्यंत जाऊ लागली, काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पाठ झाले आणि पट्ट्याचे रंगही बदलत गेले. परंतु त्या दोन वर्षांत माझ्या तोंडावर एकही ठोसा बसला नाही. वर्गाचा नियमच तसा होता: चेहऱ्याजवळ हात थांबवायचा, स्पर्श झाला की गुण द्यायचा आणि दोघांनी पुन्हा आपापल्या जागी जायचे. हे त्या वेळी मला खटकले नाही, कारण खटकण्यासाठी जो अनुभव लागतो तोच माझ्याकडे नव्हता.

२००८ च्या हिवाळ्यात नागपूरला एका सभागृहात खासगी मिश्र स्पर्धा होती, तीत मी उतरलो. समोरचा मुलगा माझ्याहून सहा किलोंनी हलका होता आणि त्याला फक्त बॉक्सिंग येत होते. मी निश्चिंत होतो. पट काढायला मला कधी दोन क्षणांपेक्षा जास्त वेळ लागला नव्हता. पहिल्यांदा आत शिरलो तो आखाड्यात शिरतो तसाच, डोके खाली घालून आणि हात पुढे टाकून. फरक एवढाच होता की खडाखडीत, म्हणजे उभ्याने चालणाऱ्या झटापटीत, दोघांचे हात एकमेकांवर असतात आणि इथे तो माझ्यापासून दीड पाऊल लांब उभा होता. ते दीड पाऊल मी उघड्या चेहऱ्याने ओलांडले. खालून आलेला त्याचा हात मला दिसलाच नाही. त्यानंतर तो साधा सरळ डावा ठोसा टाकत राहिला आणि प्रत्येक ठोशाला माझे डोळे मिटत गेले. जोराचा फटका नसतानाही मिटत गेले. दुसऱ्या फेरीत मी त्याचा पाय धरला, उचलून खाली आणलाही, पण तोवर नाकातून रक्त वाहत होते, तोंडाने श्वास घेत होतो आणि हातांत त्याला दाबून ठेवण्याचे बळ उरले नव्हते. पंचांनी लढत थांबवली. नाकाचे हाड मोडले होते.

घरी आल्यावर मोठ्या बाबांनी नाकाकडे पाहिले आणि म्हणाले, "मारच खाचा होता तं घरीच देल्ला असता म्या." त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की कुस्तीगीराने ठोशांच्या नादी लागू नये. कराटेच्या सरांना भेटलो तेव्हा त्यांचा निष्कर्ष होता की मी पट काढण्याची घाई केली, आधी लाथेने अंतर राखायला हवे होते. मला दोघांचेही पटले नाही. मी हरलो तो लाथ न मारल्यामुळे नव्हे आणि ठोसे शिकल्यामुळेही नव्हे. माझ्याकडे झेपावणारा हात उघड्या डोळ्यांनी पाहायची सवय मला नऊ वर्षांच्या कुस्तीने दिली नव्हती आणि दोन वर्षांच्या कराटेनेही दिली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यापासून चौदा महिने मी परतवाड्याहून एसटीने अमरावतीला जात होतो, आठवड्यातून तीन दिवस, एका बाजूचे पन्नासेक किलोमीटर. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार तिथे मुलांना बॉक्सिंग शिकवत. पहिला महिना त्यांनी मला ठोसा मारू दिला नाही. १६ औंसांचे मऊ हातमोजे घालून ते समोर उभे राहत आणि माझ्या कपाळावर, गालावर हलके टोले देत. हनुवटी छातीकडे ठेवायची, नजर त्यांच्या गळ्याखाली ठेवायची आणि डोळे मिटायचे नाहीत, एवढेच माझे काम. तीन आठवडे दर वेळी डोळे मिटत होते. चौथ्या आठवड्यात एके दिवशी त्यांचा हात खांद्यापासून सुटताना मला दिसला, आणि बसस्थानकापर्यंत चालत येताना मी तेच दृश्य पुन्हा पुन्हा आठवत होतो.

दुसरी गोष्ट पायांची. उजव्या हाताचे अनेक कुस्तीगीर उजवा पाय पुढे ठेवतात, कारण पकडीला ताकदीची बाजू पुढे लागते. बॉक्सिंगमध्ये मात्र उजव्या हाताच्या माणसाला डावा पाय पुढे ठेवायला शिकवतात. सुभेदारांनी माझे पाय बदलले नाहीत. उजवा पाय पुढेच राहू दे, तुझा जोराचा हात पुढे आहे, त्याचाच सरळ ठोसा कर, असे त्यांनी सांगितले. हे तुम्हीही लक्षात ठेवा. उद्या कोणी तुमचे पाय उलटे करायला लागला तर त्याला विचारा की पट कोणत्या पायावरून काढायचा. पाय उलटे केले तर ठोसा उभे राहण्याच्या एका ठेवणीतून आणि पट दुसऱ्या ठेवणीतून निघतो, आणि समोरच्याला तुमचा बेत आधीच कळतो.

ठोसा आणि पट यांची गाठ बसली की त्या दीड पावलाचा प्रश्न सुटतो. सरळ ठोसा चेहऱ्याकडे गेला की समोरच्याचे हात वर जातात, वजन टाचांवर जाते, आणि त्याच क्षणी गुडघे वाकवून आत शिरायचे. ठोशाखालून वाकण्याची बॉक्सिंगमधली हालचाल आणि पटासाठी खाली जाण्याची आपली हालचाल या जवळजवळ एकच आहेत. आपल्याला ती नव्याने शिकावी लागत नाही, फक्त मान वर ठेवायला शिकावे लागते. मुए थाईची ठेवण याच्या उलट जाते. तिथे माणूस ताठ उभा राहतो आणि वजन मागच्या पायावर ठेवतो, म्हणजे समोरून लाथ आली की पुढचा पाय चटकन उचलून ती नडगीवर घेता येते. ती त्या खेळाची गरज आहे, पण पट काढायला आणि आलेला पट दाबायला वजन पुढे आणि गुडघे वाकलेले लागतात. दोन्ही एकदम शिकणाऱ्या मुलांचे पाय मी गोंधळलेले पाहिले आहेत.

बॉक्सिंगमुळे कुस्ती बिघडते, या मोठ्या बाबांच्या म्हणण्याबद्दल मला येथे स्पष्ट लिहायचे आहे. चौदा महिन्यांनी मी मातीत परतलो तेव्हा माझी खडाखडी सुधारली होती. मानेवर जोराची थाप पडली तरी नजर समोरच्याच्या कमरेवरून हलत नव्हती, पाय एकमेकांत अडकत नव्हते, आणि पाच मिनिटांनंतरही खांदे मोकळे होते, कारण ठोसा मारताना मूठ फक्त शेवटच्या क्षणी आवळायची असते आणि उरलेला वेळ हात सैल ठेवायचा असतो. मोठ्या बाबांनी हे पाहिले. ते म्हणाले, "आता पाय बरे पडून रायले तुये," आणि त्याचे श्रेय मातीतल्या मेहनतीला दिले. त्या चौदा महिन्यांत मी मातीत उतरलो होतो ते मोजून पाचसहा वेळा. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, माझ्या अंगात जी कुस्ती आहे ती सगळी त्यांची आहे, परंतु या एका बाबतीत ते चूक होते आणि त्यांचे ऐकून आमच्या गावच्या दोन चांगल्या पोरांनी हातमोजे घालायचे सोडले याचे मला आजही वाईट वाटते.

त्यांच्या बाजूचा सर्वांत मोठा दाखला २०१० च्या ऑगस्टमधला आहे. अनेक वजनगटांत जगज्जेता राहिलेला बॉक्सर जेम्स टोनी यूएफसी या मिश्र लढतींच्या अमेरिकी स्पर्धेत कुस्तीगीर रँडी कुटूरसमोर उभा राहिला, कुटूरने खाली झुकून त्याचा पाय धरला आणि पहिल्याच फेरीत गळा आवळून लढत संपवली. यावरून कुस्तीगीराला ठोसे लागत नाहीत असा अर्थ काढणारे विसरतात की कुटूर स्वतः त्याआधी तेरा वर्षे ठोसे खात आणि मारत आला होता, आणि मिठीत एक हात अडकवून दुसऱ्याने मारण्यासाठीच तो ओळखला जात असे. याउलट १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये उतरलेला कुस्तीगीर मार्क कोलमन १९९७ साली किकबॉक्सर मॉरिस स्मिथसमोर उभा राहिला. त्याने स्मिथला खाली पाडले, पण दमल्यावर त्याच्याजवळ उभ्याने करण्यासारखे काही उरले नाही आणि स्मिथने त्याच्या पायांवर लाथा मारून पंचांच्या निर्णयावर विजेतेपद घेतले. नागपूरला माझे जे झाले ते लहान प्रमाणात तेच होते.

आता काही गोष्टी ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. कोलमनच्या पायांवर बसल्या त्या लाथाच होत्या. तेव्हा बॉक्सिंगने सगळे भागते असे माझे म्हणणे नाही. बॉक्सिंगची ठेवण पुढचा पाय आत वळवते आणि मांडीवरच्या लाथेला तो पाय सहज सापडतो. शिवाय ठोशाखालून वाकायची जी सवय मी वर वाखाणली, तीच गुडघा मारायला परवानगी असलेल्या लढतीत घातक ठरते. मुए थाईतला माणूस दोन्ही हातांनी मान धरतो तेव्हा आपण सवयीने डोके खाली घालतो, आणि त्याला नेमके तेच हवे असते. म्हणून दुसऱ्या वर्षी मुए थाईच्या एखाद्या प्रशिक्षकाकडून पाय उचलून लाथ अडवणे आणि मानेची पकड सोडवणे या दोन गोष्टी शिकून घ्याव्यात. हेही मान्य करतो की लाथ मारताना पाय पकडला जाण्याची भीती कुस्तीगीराला इतरांपेक्षा कमी असते, कारण खाली पडला तरी तिथे काय करायचे ते त्याला, आणि जुजुत्सू येत असल्यामुळे तुम्हाला तर नक्कीच, ठाऊक असते. तुमचे पाय लांब असतील आणि चांगला मुए थाईचा प्रशिक्षक तासाभराच्या अंतरावर असेल, तर माझा क्रम उलटा केला तरी चालेल.

डोक्याची काळजी घ्या. हेडगार्डने (डोक्याच्या संरक्षक टोपाने) कातडी फाटायची वाचते, मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये पुरुषांच्या वरिष्ठ गटातून ते २०१३ मध्ये काढून टाकले गेले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवायच लढले. जोराची स्पारिंग (सरावाची लढत) पंधरा दिवसांतून एकदा पुरे आहे, बाकीचे दिवस हलक्या हाताने खेळावे. डोके दुखत असेल, उलटी होत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि ते सांगेपर्यंत हातमोजे घालू नयेत. कुस्तीत कान मोडून जाड झालेले असतील तर बॉक्सिंगचे हातमोजे कानांवर फार लागतात, त्यासाठी कान झाकणारे हेडगार्ड वापरावे. मोठ्या हातमोज्यांमागे चेहरा लपवण्याची सवयही लावून घेऊ नका. मिश्र लढतीतले हातमोजे साधारण ४ औंसांचे असतात आणि त्यांच्यामागे काही लपत नाही. घरी ठोशांच्या सरावाची बॅग करायची असेल तर पोत्यात चिंध्या आणि तुरीचे कुटार ठासून भरावे. रेती भरू नये, ती खाली बसून दगडासारखी होते आणि मनगट जाते.

आठवड्यातून दोन दिवस बॉक्सिंग आणि तीन दिवस पकडीचा सराव, एवढे सुरुवातीला पुरे. मी तीन दिवस जात होतो, पण तेव्हा माती जवळजवळ सोडली होती आणि तुम्ही ती सोडू नये. तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी फक्त कराटेचा वर्ग असेल तर लगेच नाकारू नका, पण नाव घालण्यापूर्वी एक संध्याकाळ भिंतीला टेकून बसा आणि जोड्या लागतात तेव्हा चेहऱ्यावर हात बसू देतात का, ते पाहा. बसू देत असतील, तर जा. हात चेहऱ्याआधीच थांबत असेल, तर जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणची एसटी कोणत्या वेळेची आहे, ते विचारा.