बटण फिरवले तरी तेच गाणे: हिप-हॉप रेडिओविषयी वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील शहरी रेडिओविषयी आलेल्या पत्रांपैकी हिप-हॉप, म्हणजे रॅप आणि त्याभोवतीचे संगीत, वाजवणाऱ्या स्टेशनांच्या स्पर्धेवरचे चार प्रश्न आज एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): मी रोज गाडीने न्यूयॉर्कला जातो. ९७.१ वरचे ‘हॉट ९७’ आणि १०५.१ वरचे ‘पॉवर’ यांच्यात बटण फिरवत राहिले तरी पुन्हा पुन्हा तीच गाणी कानी येतात. ही स्टेशने एकमेकांची स्पर्धक असतील, तर गाणी वेगळी का नसतात?

आपला अनुभव खरा आहे, आणि त्याचे कारण गाणी निवडणाऱ्यांच्या आवडीपेक्षा श्रोते मोजण्याच्या पद्धतीत अधिक आहे. न्यूयॉर्कमध्ये २००८ पासून ही मोजणी निवडक श्रोत्यांनी अंगावर बाळगायच्या छोट्या मीटरने होते. स्टेशनच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण हे मीटर टिपते आणि श्रोता कोणत्या मिनिटाला दुसरीकडे गेला हे त्यावरून कळते. त्याआधी लोक वहीत नोंदी करीत, आठवून लिहीत, आणि साहजिकच लाडक्या स्टेशनच्या पदरात थोडी जास्तच वेळ टाकीत. मीटरला अशी माया नाही.

तासाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार कप्पे धरले जातात. एका कप्प्यात पाच मिनिटे ऐकले की तो पूर्ण कप्पा त्या स्टेशनच्या खात्यात जमा होई. मीटरच्या शहरांत २०२५ पासून ही अट तीन मिनिटांवर आली आहे. म्हणून कार्यक्रम आखणाऱ्याच्या टेबलावर घड्याळाच्या तबकडीसारखे एक वर्तुळ असते. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गाणे चालू असावे आणि जाहिराती कप्प्याच्या पोटात जाव्यात, अशी त्याची मांडणी असते. या मांडणीत अनोळखी गाणे ही मोठीच जोखीम ठरते. शेजारच्या बटणावर सर्वांना पाठ असलेले गाणे वाजत असताना, न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या एखाद्या नवख्या मुलाचे गाणे दुपारी चार वाजता लावायला कोणी धजावत नाही. स्पर्धक जितका जवळचा, तितकी दोघांची यादी आखूड होत जाते.

गाणी सारखी झाली की चढाओढ आवाजांवर येते. ‘पॉवर १०५.१’ने २००२ मध्ये हिप-हॉप घेऊन ‘हॉट ९७’ला आव्हान दिले, परंतु त्याला स्वतःचा चेहरा मिळाला तो २०१० च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘ब्रेकफस्ट क्लब’ या सकाळच्या गप्पांच्या कार्यक्रमाने. २०१४ मध्ये निवेदिका अँजी मार्टिनेझ वर्षानुवर्षांचे ‘हॉट ९७’ सोडून थेट ‘पॉवर’मध्ये गेल्या, तेव्हा ती बातमी एखाद्या नामांकित खेळाडूने संघ बदलावा तशी चर्चिली गेली. लॉस एंजेलिसमध्ये २०१५ साली हेच घडले. तेथील नव्या ‘रिअल ९२.३’ने ‘पॉवर १०६’चा सकाळचा निवेदक बिग बॉय याला आपल्याकडे ओढले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले.

प्रश्न (मिरज): ‘अर्बन’, ‘ऱ्हिदमिक’ आणि ‘क्लासिक हिप-हॉप’ असे प्रकार वाचनात येतात. संगीत एकच असताना इतक्या पाट्या कशासाठी?

पाटी श्रोत्यासाठी कमी आणि जाहिरातदारासाठी अधिक असते. ‘अर्बन कंटेम्पररी’ या नावाचे श्रेय सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएलएसवर कार्यक्रम करणारे फ्रँकी क्रॉकर यांना दिले जाते. ‘अर्बन’ स्टेशनचा मुख्य श्रोता कृष्णवर्णीय समाज असतो, आणि तेथे हिप-हॉपला लागूनच आर अँड बी हे कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय गायनसंगीत, रविवारी सकाळची भक्तिगीते व वस्तीच्या प्रश्नांवरची चर्चाही असते. ‘ऱ्हिदमिक’ स्टेशने नृत्यसंगीतातून आली. त्यांना लॅटिनो, गोरे आणि आशियाई तरुणही हवे असतात, आणि त्या मिश्र श्रोतृवर्गाकडे बोट दाखवून ती जाहिराती मागतात.

लॉस एंजेलिसचे उदाहरण बोलके आहे. १५८० एएमवरचे केडे हे स्टेशन ग्रेग मॅक यांच्या हाती १९८३ पासून रॅपकडे वळले आणि दिवसभर रॅप वाजवणारे पहिले मोठे स्टेशन म्हणून ओळखले गेले. शेजारच्या कॉम्प्टन शहरातल्या मुलांची गाणी प्रथम तेथे वाजली. परंतु एएमच्या खरखरीवर एफएमचा स्वच्छ आवाज भारी पडतो. १९९१ मध्ये केडेवरचे रॅप थांबले आणि तेथे उद्योगजगताच्या बातम्या सुरू झाल्या. १९८६ मध्ये नृत्यसंगीतावर उभे राहिलेले ‘पॉवर १०६’ त्यानंतरच्या काळात हिप-हॉपकडे वळले. ज्याने जमीन नांगरली त्याच्या हाती पीक लागले नाही, ही खंत मला आजही वाटते.

पाटीचा आणखी एक, अधिक कडू अर्थ आहे. अमेरिकेच्या संचार आयोगाने करून घेतलेल्या १९९९ च्या अहवालात स्पष्ट नोंदले गेले, की ‘अर्बन’ स्टेशनांवर जाहिरात द्यायचीच नाही अशा सूचना काही जाहिरातदार आपल्या जाहिरात संस्थांना देत. श्रोते भरपूर असूनही उत्पन्न कमी, असा हा अन्याय होता. जाहिरातींच्या करारांत वंशावरून भेदभाव करता येणार नाही, अशी अट आयोगाने घातली ती २००७ च्या अखेरीस.

‘क्लासिक हिप-हॉप’ची लाट ह्यूस्टनमधून उठली. २०१४ च्या ऑक्टोबरात तेथील एका बातम्यांच्या स्टेशनने रातोरात जुने रॅप लावले आणि काही महिन्यांत अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. मात्र ह्यूस्टनचे ते मूळ स्टेशनच २०१७ मध्ये दुसऱ्या संगीताकडे गेले.

प्रश्न (ठाणे): एकाच कंपनीची एका शहरात दोन स्टेशने असतील, तर त्यांच्यात खरी स्पर्धा होते का?

सहसा होत नाही. ऐंशीच्या दशकात डब्ल्यूबीएलएसवर मिस्टर मॅजिक आणि ‘९८.७ किस’ या स्टेशनवर डीजे रेड अलर्ट हे निवेदक रात्री एकमेकांशी झुंजत, आणि त्या झुंजीमुळेच न्यूयॉर्कच्या रॅपला रेडिओवर जागा मिळाली. एकाने नाकारलेली ध्वनिमुद्रिका दुसऱ्याकडे नेण्याची सोय होती. पुढे एका मालकाला एका शहरात एकाहून अधिक एफएम ठेवण्याची मुभा मिळाली. ‘हॉट ९७’ची तेव्हाची मालक कंपनी एमिस हिने १९९४ मध्ये किस विकत घेतले आणि लगेच त्यावरचे रॅप काढून प्रौढांसाठी जुने सोल संगीत आणले. तरुण एकीकडे, त्यांचे आईवडील दुसरीकडे. धंद्याच्या दृष्टीने ही चाल अचूक होती. पण रॅप करणाऱ्या मुलासाठी शहरातला एक दरवाजा बंद झाला.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाच्या देशभरातील स्टेशनांच्या संख्येवरची मर्यादा उठवली आणि मोठ्या शहरात एका मालकाला आठपर्यंत स्टेशने ठेवू दिली. तेव्हापासून कोणते स्टेशन काय वाजवणार हे ठरवताना, आपल्याच दुसऱ्या स्टेशनचा श्रोता तुटणार नाही ना, हा प्रश्न आधी विचारला जातो. माझ्या मते हिप-हॉप रेडिओचे सर्वाधिक नुकसान याने केले. अटलांटात मात्र एक वाट निघाली. व्ही-१०३ आणि हॉट १०७.९ ही बलाढ्य स्टेशने समोर असताना, ‘स्ट्रीट्झ ९४.५’ जास्तीत जास्त २५० वॅटची परवानगी असलेल्या छोट्या पुनःप्रक्षेपकावरून, म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा आवाज पुन्हा प्रसारित करणाऱ्या यंत्रावरून, मैदानात उतरले आणि टिकले.

प्रश्न (पुणे): आमच्या शहरात मराठी-हिंदी रॅप करणारी इतकी मुले आहेत. येथे हिप-हॉपचे स्वतंत्र स्टेशन निघेल काय?

खासगी एफएमवर ते मला जवळपास दिसत नाही. परवाना लिलावातून आणि पंधरा वर्षांसाठी मिळतो. एवढी रक्कम ओतलेला मालक सर्वांना चालतील अशी चित्रपटगीतेच वाजवणार. आपल्याकडची ‘रॅम’ ही श्रोतृमोजणी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार महानगरांपुरती राहिली, त्यामुळे पुण्यात रॅपचा श्रोता आहे हे जाहिरातदाराला आकड्यांनी पटवणेही अवघड आहे. सरकारच्या खासगी एफएमविषयीच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने एका शहरातल्या ४० टक्क्यांपर्यंत वाहिन्या एका कंपनीला ठेवता येतात. पण मुंबईत रेड एफएमने दुसरी वाहिनी घेतली तेव्हा तीवर जुनी गाणी आणली, रॅप नव्हे. एमिसचेच गणित ते.

तरीही वाट आहे, आणि ती न्यूयॉर्कचीच जुनी वाट आहे. मिस्टर मॅजिक यांनी मोठ्या स्टेशनवर जाण्याआधी डब्ल्यूएचबीआय या छोट्या स्टेशनवर पदरचे पैसे मोजून रात्रीची वेळ विकत घेतली होती. पुण्यात विद्यापीठाच्या ‘विद्यावाणी’सारखी सामुदायिक केंद्रे आहेत. त्यांची ताकद साधारण १०० वॅट असते, म्हणजे शहराच्या एका भागापुरती, आणि सुरुवातीला तेवढी पुरते. आपण व आपल्या मित्रांनी अशा केंद्राकडे शनिवारी रात्रीचे दोन तास मागावेत. सोबत बारा आठवड्यांच्या भागांची लेखी यादी द्यावी, प्रत्येक भागात एक नवा स्थानिक गायक ठेवावा, आणि पहिले दोन भाग ध्वनिमुद्रित करूनच भेटीला जावे.